रिकामा चमचा

आमच्या घरात तेव्हा दोघींना भरवावं लागायचं. एक माझी मुलगी, जिला नुकतंच वरचं अन्न सुरू केलं होतं, आणि दुसरी माझी आई. मुलीला मी भरवायची, आईला बाबा. जेवण दोघींचं जवळपास एकच: गाजर, बटाटा, सफरचंद, घरात जे असेल ते मऊ शिजवून गाळणीतून काढलेलं. एकदा बाबांनी वाट्यांची अदलाबदल केली आणि ते माझ्या लक्षात आलं मुलीने तोंड वाकडं केलं म्हणून. आईच्या वाटीत मीठ होतं.

"असू दे गं," बाबा म्हणाले. "दोन्ही गिऱ्हाइकं घरचीच आहेत."

गिऱ्हाईक हा शब्द त्यांच्या तोंडातून जाता जात नव्हता. आईबाबांनी एका मोठ्या ऑफिसच्या तळघरात उभा जन्म कँटीन चालवलं. आई पातेल्यांपाशी, बाबा काउंटरला. ताट भरून झालं तरी वर एक डाव आईकडून जायचाच. कुणी ताटावर आडवा हात धरला तर ती त्या हाताला वळसा घालून वाढायची. लोक हसायचे, वैतागायचे आणि खायचे. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते आईला पटलं असतं असं कुणी समजू नये. तिला ते अजिबात पटलं नसतं. आमच्या घरात कुणी आजारी पडलं की आधी खायला देत, मग काय झालंय ते विचारत.

आईच्या मेंदूत गाठ निघाली. काढता येण्यासारखी नव्हती. आधी तिचे शब्द गेले, मग उजवी बाजू गेली, मग ती बघायची पण कुणाकडे बघतेय ते कळेनासं झालं. शब्द होते तेव्हा तिने एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. "उरलेलं अन्न झाकून ठेवतात तसं मला नळ्या लावून झाकून ठेवू नका." हे ती डॉक्टरांसमोर, माझ्यासमोर आणि बाबांसमोर म्हणाली. बाबांनी मान डोलावली होती.

मी रजा वाढवून घेतली आणि मुलीला घेऊन माहेरी आले. नवरा नोकरीच्या गावी राहिला, सुट्टीच्या दिवशी यायचा. आईची खाट पुढच्या खोलीत, खिडकीशी लावली होती, कारण आतल्या खोलीच्या दारातून ती खाट जात नव्हती. त्यामुळे रस्त्यावरून जाणारा माणूस आत डोकावला तर त्याला एका बाजूला बाबा आणि आई दिसायची, दुसऱ्या बाजूला मी आणि उंच खुर्चीत बांधलेली मुलगी. दोन्हीकडे चमचे चालू.

बाबांची पद्धत ठरलेली होती. आईच्या हनुवटीखाली टॉवेल खोचायचा. चमचा खालच्या ओठाला टेकवायचा. ओठ लागला की आईचं तोंड उघडायचं, आणि चमचा आत. मग बाबा तिची हनुवटी वर धरायचे आणि घशावरून बोट फिरवायचे. "उघड. गिळ. शाब्बास. अजून एक."

माझ्याकडचं दृश्य वेगळं होतं. माझी मुलगी चमचा लांबून दिसला तरी ओठ मिटायची, मान फिरवायची, आणि चुकून घास गेलाच तर तो माझ्या चष्म्यावर परत पाठवायची. तिच्या न वाढणाऱ्या वजनाने माझी झोप उडवली होती. बाबांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं, कारण ती मुंगीएवढं खायची.

"बघ गं मुंगे, आजी कशी शहाण्यासारखी खातेय," बाबा म्हणायचे.

मला चक्क आईचा हेवा वाटायचा. म्हणजे तिच्या भरवणाऱ्याचा.

पण जेवण झालं की आईच्या घशात घुरघुर सुरू व्हायची. उकळत्या पातेल्यावर झाकण थडथडतं तशी. मग खोकला, पण खोकायलाही जोर नसायचा, नुसता खांदा हलायचा. संध्याकाळी ताप. दोन-चारदा असं झाल्यावर मी डॉक्टरांना घरी बोलावलं. तरुण बाई होत्या, थकलेल्या, पण त्यांनी आईच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं.

"तुम्ही भरवताय ते सगळं पोटात जात नाहीये, काका," त्या म्हणाल्या. "बरंचसं श्वासनलिकेत जातंय. गिळायचं कसं हेच मेंदू विसरलाय."

"मग पातळ करू?"

"पातळ आणखी लवकर छातीत जाईल."

"घट्ट?"

"आता घट्ट-पातळचा प्रश्न राहिलेला नाही. एक तर नळी, आणि ती त्यांना नको होती. नाहीतर तोंडाने देणं थांबवायचं. खायला न दिल्यामुळे त्या जाणार नाहीत, काका. त्या जायला निघाल्या आहेत, म्हणून शरीराने भूक बंद केलीय."

बाबांनी हातातला चमचा टॉवेलला पुसला. "भूक बंद केलीय, तर ती तोंड का उघडते?"

"ती एक प्रतिक्रिया असते."

"तेच म्हणतोय मी. मी विचारतो, ती प्रतिक्रिया देते. ज्याला भूक नाही तो तोंड उघडतो का? तुमच्यासमोर ही लहान पोर बसलीय, बघा. नको असलं की कशी बंद करते."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे. त्यांनी काडीच्या टोकाला बसवलेल्या स्पंजांचं एक पाकीट काढून ठेवलं, तोंड फक्त ओलं करत राहा म्हणाल्या, आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. आईची धाकटी बहीण. बाबा तिला धाकटीच म्हणतात, साठी उलटली तरी. ती येताना डबे घेऊन येते, जाताना आमचे रिकामे डबे घेऊन जाते, आणि कुणाचे कुठले यावरून वर्षभर वाद चालतो.

"डॉक्टरांचं काय जातंय बोलायला," ती म्हणाली. "त्यांना खाट रिकामी हवी असते."

"मावशी, खाट आपल्या घरात आहे. त्यांना रिकामी करून काय करायचीय?"

"शब्दात पकडू नकोस. भावोजी भरवतायत, ती खातेय. तुझं काय बिघडलं?" मग तिने मुंगीकडे हात केला. "पोरीने एक घास नाकारला की तू घर डोक्यावर घेतेस. आणि जिने तुला वाढवलं तिला उपाशी ठेवायला निघालीस."

हे मला झोंबलं, कारण पहिला अर्धा भाग खरा होता. दुसराही असेल का, ही भीती त्या दिवसापासून माझ्या मानगुटीवर बसली. बाबांचा प्रश्न मलाही सोडवता येत नव्हता. तोंड का उघडते ती?

मी बघायला लागले. बघणं हे माझं व्यसनच आहे. मुलगी झाल्यापासून तर मी डोळे मिटूनही बघत असते. तिचा श्वास, तिची शी, तिच्या नखांचा रंग. आता तेच डोळे मी आईला लावले.

एकदा सकाळी कोमट पाण्याने तिचा चेहरा पुसताना टॉवेलचा कोपरा तिच्या गालाला लागला. तिची मान त्या बाजूला वळली आणि तोंड उघडलं. तहान लागली असेल असं वाटून मी स्पंज फिरवला. मग उशी सरळ करताना माझ्या बाहीची कड ओठाला लागली. पुन्हा तोंड उघडलं. बाहीला.

मी हातातलं सगळं खाली ठेवलं. बोट वाकवून, बोटाचं हाड तिच्या दुसऱ्या गालाला टेकवलं. मान तिकडे वळली. ओठ पुढे आले, शोधल्यासारखे.

हे मी पाहिलेलं होतं. मुंगी महिन्याची होती तेव्हा ती कशालाही तोंड उघडायची. दुपट्याच्या टोकाला, शर्टाच्या खिशाला. एकदा तिने माझ्या नवऱ्याचं नाक तोंडात धरलं होतं, आणि लेकीने आपला पापा घेतला असं त्याने दोन्हीकडच्या नातेवाइकांना फोन करून सांगितलं होतं. मी तेव्हा मिळेल ते वाचायची, डायपरच्या पाकिटाची मागची बाजूसुद्धा. त्यामुळे मला ठाऊक होतं की ही खूण मूल जन्माला येतानाच घेऊन येतं, आणि काही महिन्यांत ती पुसली जाते. मेंदू शिकला की तो हे आपोआपचं उघडणं बंद करतो, आणि मग मूल स्वतःचं हो किंवा नाही म्हणायला लागतं. मुंगी आता नाही म्हणत होती, अगदी ठणकावून. आणि आईच्या मेंदूतलं शिकलेलं सगळं जाता जाता ही पहिली खूण खालून पुन्हा वर आली होती. ती मागत नव्हती. तिला नको असतं तरी ते सांगायला तिच्याकडे मिटणारे ओठ उरले नव्हते.

मी खाटेच्या कडेवर बसून राहिले. पहिला विचार आला तो बाबांचा. आईचे शब्द गेल्यापासून त्यांना तिच्याकडून मिळणारं एकच उत्तर होतं, ते म्हणजे हे उघडलेलं तोंड. दिवसातून तीनदा ते तिला काहीतरी विचारायचे आणि ती हो म्हणायची. हे मी त्यांना दाखवलं, तर मी त्यांच्याकडून काय काढून घेणार होते ते मला नीट कळत होतं.

फोनवर मी नवऱ्याला सांगितलं. नाकाचाही उल्लेख केला.

"म्हणजे तो पापा नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"बाबांना सांगू नकोस. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे तेवढंच तर उरलंय."

"आणि आईकडे काय उरलंय? दोन फुप्फुसं. त्यांतही गाजर भरायचं?"

"तू ठरवूनच फोन केलायस. मग मला कशाला विचारतेस?"

"विचारत नाहीये. सांगतेय."

बाबांना मात्र लगेच सांगितलं नाही. मी आधी आडवाटेने जाऊन पाहिलं. आईला मीच भरवते असं म्हणून वाटी घेतली, नुसता स्पंज फिरवला, वाटी मोरीत ओतली. बाबा आयुष्यभर काउंटरला उभे राहिलेले. कोणाचं ताट खाऊन रिकामं झालंय आणि कोणाचं ओतून, हे त्यांना लांबून कळतं. पुढच्या वेळी ते स्वतःच ओट्यापाशी उभे होते, सफरचंद सोलत.

त्याच दुपारी ते म्हणाले, "तू मुंगीला अंघोळ घालून घे निवांत. मी बसतो हिच्यापाशी."

निवांत हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. मी तेव्हाच थांबायला हवं होतं, पण पाणी काढलेलं होतं, पोर टबात बसून पाणी उडवत होती. आणि मग बाहेरून बाबांचा आवाज आला. "गिळ. अगं, गिळ ना. गिळ."

मी ओल्या मुलीला टॉवेलात गुंडाळून बाहेर धावले. आईचा चेहरा जांभळा पडत होता. बाबा तिची पाठ थोपटत होते, एका हातात अजून चमचा. मी मुलीला त्यांच्या छातीवर टाकलं, आईला कुशीवर वळवलं, तोंडात बोटं घालून जेवढं निघेल तेवढं काढलं. शिजवलेलं सफरचंद, कोमट. पुन्हा घातली, पुन्हा काढलं. कधीतरी तिने श्वास आत ओढला. तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

मुंगीच्या अंगावरचं पाणी बाबांच्या शर्टावरून खाली गळत होतं.

"थोडंसंच दिलं होतं," ते म्हणाले. "तिने तोंड उघडलं म्हणून."

आईचा श्वास ताळ्यावर येईपर्यंत मी तिच्या पाठीला हात लावून बसले. मुंगीला कपडे चढवले, खुर्चीत बसवलं. हे सगळं होईपर्यंत बाबा जागचे हलले नव्हते.

"बाबा, चमचा धुऊन आणा. कोरडा करून."

"कशाला?"

"आणा तर."

ते घेऊन आले.

"आता रिकामाच लावा तिच्या ओठाला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग खाली वाकून चमचा टेकवला. आईचं तोंड उघडलं.

"तिला वाटतंय आत काहीतरी आहे," बाबा म्हणाले.

"टॉवेलचा कोपरा लावा."

तोंड उघडलं.

"ओला असेल तो."

"मग तुमच्याकडचं काहीतरी लावा. तुम्हाला हवं ते."

त्यांनी खिशातून पेन काढलं. टोपणाचं टोक तिच्या ओठाला लावलं, आणि तोंड उघडलेलं बघून पेन असं पटकन मागे घेतलं, जणू चटका बसला. शेवटी त्यांनी स्वतःहून बोटाची मागची बाजू तिच्या गालाला लावली. तिची मान वळली, ओठ बोट शोधायला लागले. त्यांनी बोट काढलं नाही.

"मुंगी असंच करायची," ते म्हणाले. "जावईबापूंचं नाक."

"हो."

"म्हणजे ही मला..."

माझ्याकडे दिलासा देणारी दोन-तीन वाक्यं तयार होती. ती तुम्हाला ओळखते, तुमचा हात तिला कळतो, असली. जिभेवर आलेली मी ती परत गिळली. खोटं बोलले असते तर पुन्हा चमचा हातात आला असता.

"ती तुम्हाला ओळखते की नाही ते मला माहीत नाही, बाबा. कुणालाच माहीत नाही. ती जेवायला मागत नाहीये, एवढंच मला माहीत आहे."

ते सरळ झाले. चमचा खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

"तू मला हे दाखवायला नको होतंस," ते म्हणाले, आणि ओल्या शर्टानिशी चपला घालून निघून गेले.

ते परत आले तेव्हा बाहेरचे दिवे लागले होते. जेवले ते भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशीही माझ्याशी बोलले नाहीत. मुंगीशी बोलत, माझ्यासमोर, तिच्यामार्फत. "मुंगे, आईला सांग, गॅसवर दूध आहे." मी मुंगीला म्हणे, "आजोबांना सांग, बंद केला." तिला यात फार मजा वाटायची.

पण त्यांनी चमचा उचलला नाही.

मावशीने मात्र उचलला. ती आली ती सूप घेऊनच, आणि थेट खाटेपाशी. मी मुंगीला कमरेवर घेऊन मध्ये उभी राहिले.

"एक चमचा," ती म्हणाली. "माझ्या समाधानासाठी."

"तुझ्या समाधानासाठी ती गुदमरणार नाही."

"बाजूला हो."

"नाही होणार."

"अगं, माझी बहीण आहे ती. तू जन्मायच्या आधीपासून माझी आहे."

"आहे ना. बस तिच्याजवळ. हात धर. डोकं चेप. दिवसभर बस. खायला नाही द्यायचं."

"भावोजी, बघताय ना तुमची लेक काय बोलतेय."

बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. मावशी डबा टेबलावर आपटून निघून गेली. ते सूप मीच प्यायले. चांगलं झालं होतं, त्यामुळे जास्तच रडू आलं.

कारण मी ठाम होते याचा अर्थ मी शांत होते असा नाही. आईच्या तोंडावरून हात जरी गेला तरी ते उघडायचं, आणि प्रत्येक वेळी माझी नजर वाटीकडे जायची. मी मुंगीला दूध पाजायची आणि समोर आई उपाशी. हा शब्द मी मनात आणायचा नाही असं ठरवलं होतं, तरी तो यायचाच. मग मी उठून आईच्या छातीला कान लावायची. घुरघुर कमी झाली होती. ताप चढला नव्हता. कपाळावरची आठी सैल पडली होती. मी या तीन गोष्टी स्वतःशी घोकायची आणि पुन्हा पाजायला बसायची.

त्याच्या पुढच्या दुपारी, बरोबर कँटीनच्या जेवणाच्या वेळी, बाबा खाटेपाशी येऊन उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. एकदा खिशात घातले, एकदा पाठीमागे बांधले.

"साडेबारा झाले," ते म्हणाले. या वेळी मुंगीला नाही, मला. "आता मी काय करू?"

मी त्यांना स्पंजची काडी दिली. पाण्यात बुडवून निथळायची कशी, गालाच्या आतून फिरवायची कशी, ओठांना मलम कसं लावायचं ते दाखवलं. त्यांनी एकदा बघितलं आणि माझ्या हातातून काडी काढून घेतली. ते काम ते माझ्याहून नीट करायला लागले. काडी ओठाला लागली, तोंड उघडलं, आणि सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "शाब्बास." मग ते थांबले. म्हणाले, "माहीत आहे मला. कशामुळे उघडतं ते." हे कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही.

त्यानंतर ओठ ओले करून झाले तरी ते उठले नाहीत. माझ्या तेव्हा लक्षात आलं की इतके आठवडे ते आईशी उघड, गिळ, अजून एक याशिवाय काही बोललेच नव्हते. वाटी रिकामी करायची होती. बोलायला सवड कुठे होती.

मी ओट्यापाशी गेले. थोड्या वेळाने बाहेरून त्यांचा आवाज आला, हळू, बातमी सांगावी तसा.

"परवा तळघरात जाऊन आलो. चिडून निघालो होतो घरातून, पाय तिकडेच वळले. त्यांनी चहाचं यंत्र बसवलंय. बटण दाबलं की चहा. लोक पितात बिचारे. मला बघून लिफ्टवाला म्हणाला, बाईंना सांगा, ताटावर हात धरायची आता गरजच पडत नाही, कुणी जास्त वाढतच नाही." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "ही पोरगी तुझ्यावर गेलीय. मी आडवा हात धरला, तर वळसा घालून आली."

मी नळ बंद केला होता. पातेलं हातात धरून नुसती उभी होते.

त्यानंतर रोज ते आणखी बोलायचे. जुन्या गिऱ्हाइकांबद्दल, पहिल्या भाड्याच्या खोलीबद्दल, माझ्या आधी जो मुलगा होऊन गेला त्याच्याबद्दल. तो विषय त्या घरात मी कधीच ऐकला नव्हता. काही गोष्टी मी ऐकायच्या नव्हत्या, म्हणून मी मुंगीला घेऊन जिन्यात जाऊन बसायची. परत आले की त्यांचे डोळे लाल असायचे आणि आईचे ओठ ओले.

कँटीनच्या दिवसांत आई संध्याकाळी आधी निघायची, मला शाळेतून घ्यायला. बाबा मागे राहून भांडी मोजून कुलूप लावायचे. शेवटच्या सकाळी मी दारातून त्यांना म्हणताना ऐकलं, "तू हो पुढे. मी आवरून येतो." अगदी रोजच्या आवाजात.

ती दुपारी गेली. श्वास लांब लांब होत गेले. मी एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला. बाबांनी काडी तिच्या ओठाला लावली आणि या वेळी तोंड उघडलं नाही. त्यांनी गालाला बोट लावून पाहिलं. मग काडी पेल्यात ठेवली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

तिला पोचवून आल्यावर पुढची खोली माणसांनी भरली. शेजारी, ऑफिसातले जुने लोक, नातेवाईक. खाट आत नेता आली नव्हती, म्हणून ती तिथेच होती, नुसती गादी गुंडाळलेली. मावशी तिच्या पायथ्याशी बसली होती.

"अन्न शिजवून शिजवून हात झिजले तिचे," मावशी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आणि शेवटी उपाशी गेली. घरात भरवणारी माणसं असताना. एक घास दिला नाही कुणी."

काहींनी माझ्याकडे बघितलं, काहींनी बघायचं टाळलं. माझं उत्तर तयार होतं. डॉक्टर काय म्हणाल्या, छातीत काय साठत होतं, ओठ का उघडत होते. मी मुंगीला या हातावरून त्या हातावर घेतलं आणि बोलायला तोंड उघडलं.

"धाकटे," बाबा म्हणाले, "चमचा मी खाली ठेवला."

"तुम्ही कुठे भावोजी. हिनेच तुम्हाला..."

"हिने मला दाखवलं. चमचा माझ्या हातात होता. ठेवला मी. मला राग आला हिचा. अजून आहे थोडा. पण उद्या तशीच वेळ आली तर पुन्हा ठेवीन."

मावशीने तोंडाला रुमाल लावला. मग तिने रुमाल काढून, माझ्याकडे न बघता, बाबांना विचारलं, "शेवटी ती घुरघुर होती का?"

"नव्हती."

"खरं सांगताय?"

"मी शेजारीच होतो. मोकळा होता श्वास."

मावशी अजूनही मला माफ करायला तयार नाही, आणि मी माफी मागायला तयार नाही. आमचे डबे ये-जा करतात, तेवढं बोलणं होतं. पण त्या दिवशी, सगळ्यांसमोर, ती हळूच "बरं" म्हणाली.